धर्मग्राम ओसरल्यानंतरची भाषा : क्वेबेकचे उदाहरण

कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात १९६० च्या सुमारास बहुसंख्य कॅथलिक दर रविवारी मिस्सेला जात. आज नियमाने जाणारे थोडेच उरले आहेत. हा ऱ्हास केवळ श्रद्धेचा मानणे अपुरे होईल. पॅरिश, म्हणजे आपल्या वसईकडील कॅथलिकांचा 'धर्मग्राम', ही तेथे निव्वळ उपासनेची संस्था कधीच नव्हती. जन्म, विवाह व मृत्यू ह्यांच्या चर्चमधील नोंदवहीलाच नागरी नोंदीचे स्थान होते, आणि ही व्यवस्था १९९४ पर्यंत टिकली. शाळा व रुग्णालये ह्यांवरही धर्मसंघांचा मोठा ताबा असे. १९६० मध्ये ज्याँ लसाज ह्यांचे सरकार आले आणि 'शांत क्रांती' ह्या नावाने ओळखले जाणारे सुधारणांचे पर्व सुरू झाले. १९६४ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले. एकेक काम शासनाकडे गेले. मागे राहिली ती रविवारची उपासना. सोय, सवय आणि लोकलज्जा ह्यांचा आधार सुटल्यावर तिला तग धरणे जड गेले. तरीही २०२१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी आपला धर्म कॅथलिक असाच सांगितला.

भाषाभ्यासकाला अधिक कुतूहल वाटावे ते तेथील शिव्यांचे. मराठी शिवी बहुधा नात्यागोत्याची वाट धरते. क्वेबेकची शिवी थेट वेदीपाशी जाते. 'ताबरनाक' म्हणजे पवित्र भाकर ठेवण्याची पेटी, 'कालिस' म्हणजे द्राक्षारसाचा चषक, 'ओस्ती' म्हणजे ती भाकरच. ह्या शब्दांची धार पावित्र्यभंगाच्या भयातून आली. म्हणूनच 'ताबरनूश' यांसारखी सौम्य रूपे निघाली. 'कालिस'पासून तर 'फेकून देणे' अशा अर्थाचे क्रियापदही बनले आहे! चर्चे ओस पडली तरी हे शब्द बोलीत टिकले. मात्र ज्या वस्तूंची ती नावे, त्या वस्तूंशी बोलणाऱ्यांचा परिचय सुटत गेला. २००६ मध्ये माँट्रियलच्या धर्मप्रांताने वार्षिक निधिसंकलनासाठी हेच शब्द मोठ्या अक्षरांत जाहिरातफलकांवर लावले आणि खाली त्यांचे मूळ अर्थ कोशातल्याप्रमाणे दिले. पूर्वी हे अर्थ मुलांना धर्मशिक्षणातच कळत.