परवाना आणि पात्रता

परीक्षा हा आम्हा विद्यार्थ्यांच्या धास्तीचा विषय. पण एक परीक्षा अशी आहे की, तिच्यात नापास झालेला मनुष्य आपल्याला क्वचितच भेटतो. ती म्हणजे वाहन चालविण्याच्या परवान्याची परीक्षा! इतिहासाचा पेपर बिघडला तर पुन्हा बसता येते. रस्त्यावर ती सोय नाही. म्हणूनच ही परीक्षा नेमके काय तपासते आणि काय तपासायचे सोडून देते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कायदा पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. गिअरची दुचाकी किंवा मोटार चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. आधी शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे व नियम यांवर प्रश्न असतात आणि ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्याही देता येते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर निदान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी होते. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते; तीन वेळा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते. शिकाऊ असताना गाडीवर तांबडा 'एल' हवा, आणि मोटारसायकलवर परवानाधारक शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसविता येत नाही. हे नियम वाचून झाल्यावर आपल्या कॉलेजच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहावे. अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. दुचाकीस्वाराने पाय न टेकता आठचा आकडा काढावयाचा, मोटारवाल्याने 'एच'च्या आकारात गाडी मागे घ्यावयाची, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. वास्तविक नियमांतील यादी बरीच मोठी आहे: आरसा पाहणे, योग्य इशारा देणे, चौक ओलांडणे, पुढच्या गाडीला सुरक्षितपणे मागे टाकणे, ऐनवेळी गाडी थांबविणे. आठच्या आकड्यावरून संथ गतीतला तोल कळतो. समोरचा धोका ओळखण्याची बुद्धी कळत नाही. ब्रिटनमध्ये मोटारीच्या चाचणीत जवळजवळ निम्मे उमेदवार नापास होतात. शिवाय २००२ पासून तेथे चित्रफितीवर येणारा धोका वेळेत ओळखण्याचीही परीक्षा आहे.

मग आपल्याकडे परवानाधारक तितके पात्र असतात काय? या प्रश्नावर बर्ट्रांड, जांकोव, हॅना व मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत ८२२ उमेदवारांचा अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी चाचणी दिलीच नव्हती, आणि संशोधकांनी स्वतंत्र चाचणी घेतली तेव्हा ६२ टक्के लोक गाडी चालविण्यास अपात्र ठरले. हा अभ्यास दिल्लीचा आणि जुना आहे हे खरे. पण त्यातून एक गोष्ट कायमची शिकण्यासारखी आहे. उत्तीर्णांची संख्या मोठी असणे म्हणजे चालक चांगले असणे नव्हे. शिकवणी उत्तम असली तरी ती वाढते आणि परीक्षा पोकळ असली तरीही वाढते.

नवा चालक धोक्यात का येतो? हात-पाय महिन्याभरात शिकतात, नजर शिकायला वर्षे लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर म्हैस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर संपले! पुढे, वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. जुना चालक हे गणित न मांडता जगतो. नव्याला ते ठाऊकच नसते.

त्यातून आपला कोल्हापूर जिल्हा. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा वा चकाकणारी पट्टी नसली तर ट्रॉली जवळ येईपर्यंत अंधाराचाच भाग वाटते. पावसाळ्यात गगनबावड्याकडचा घाट धुक्यात बुडतो. शिरोलीजवळ गावातला रस्ता पुणे-बेंगळुरू महामार्गाला मिळतो आणि क्षणात वेगाचे मानच बदलते. मैदानावरच्या आठच्या आकड्यात यांपैकी काहीही नसते.

देशात २०२२ साली ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व १,६८,४९१ माणसे मेली. मृतांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातील होती. हेल्मेट नसलेले मृत ५० हजारांहून अधिक होते.

न्यूझीलंडने १९८७ साली परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत सुरू केली. आधी शिकाऊ, मग रात्रीचा प्रवास व सोबती यांवर बंधने असलेला, आणि शेवटी पूर्ण परवाना. ही कल्पना मला परकी वाटली नाही. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिला आणि परवाना काढणाराही मीच पहिला. पण माझ्या वडिलांना आजोबांनी बैलगाडी शिकविली ती अशीच: आधी रिकामी गाडी, मग वैरणीची, शेवटी उसाची, आधी दिवसा, मग रात्री. उताराला कासरा बरीच वर्षे आजोबांच्याच हाती असे. बैल गेले, मोटारसायकल आली आणि ही शिकवण मात्र मागेच राहिली. कारण नव्या गाडीचे ज्ञान घरात कोणालाच नाही. बारावी झाल्याबरोबर किल्ली हातात पडते, कासरा धरणारे मात्र कोणी नसते.

२०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? मित्रहो, परवाना मिळाल्यावर पहिले वर्षभर आपणच आपल्याला काही बंधने घालून घेऊ. रात्री महामार्गावर जायचे नाही, मागे दोघांना बसवायचे नाही, हेल्मेटशिवाय किल्ली फिरवायची नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस यासाठी द्यावा आणि अनुभवी एस.टी. चालकाला व्याख्यानासाठी बोलवावे, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. परवाना सरकार देते; पात्रता ज्याची त्याने रोज मिळवायची असते.