पाचवे ढेकूळ

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळांची ओल पाहून पावसाळ्याच्या चार महिन्यांचे भाकीत सांगितले जाते. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही. तरी त्यातली एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. ही मांडणी सगळ्या पावसाचा एकच आकडा सांगत नाही, महिन्यामहिन्याचा हिशोब मांडते. माझी तक्रार एवढीच, की ढेकळे चारच आहेत. ऑक्टोबरचे पाचवे हवे होते.

सरकारी हिशोबही बराचसा चारच ढेकळांचा आहे. २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार आपल्याकडे खरिपाचा दुष्काळ ठरवताना आधी जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आहे का, किंवा तीन-चार आठवड्यांचा खंड पडला का, हे पाहतात. मग पिके, जमिनीतली ओल, भूजल हे निकष येतात आणि ऑक्टोबरअखेर निर्णय होतो.

२०२३ साल आठवून पाहा. पावसाळ्याची देशाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के भरली. आकडा वाईट नाही. पण त्यातला ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा होता. सरासरी सुमारे २५५ मिलिमीटर, पडला १६३च्या आसपास. आपल्या जिल्ह्यात २२ जुलैला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत महापूर आला, शेतातली माती वाहून गेली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बुलढाणा आणि लोणार होते. एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात, पूरही आणि दुष्काळही. अशा जिल्ह्याची सरासरी काढली तर ती कोणत्या शिवाराची?

आता ऑक्टोबरकडे येऊ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. चांगली काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाच्या कामी येणारे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. शेतात उभी तूर-कपाशी कोरड्या, उन्हाच्या दिवसांत रोज चार-पाच मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे हस्त-चित्रा कोरडे गेले, तर पूर्ण भरलेली जमीनही महिना-सव्वा महिन्यात रिकामी होऊ शकते. ऑगस्टमध्येच अर्धी झालेली असेल तर विचारायलाच नको.

तापमान याच हिशोबाची दुसरी बाजू आहे. माती ओली असते तेव्हा उन्हाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल संपली की तीच उष्णता माती आणि हवा तापवते. म्हणून कोरड्या वर्षी ‘ऑक्टोबर हीट’ अधिक भाजते. रात्री मात्र आकाश निरभ्र, हवा कोरडी. जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पहाट गार होते. दिवस-रात्रीच्या तापमानातले हे अंतर वाढत गेले, की जमीन कोरडी होत चालल्याची ती एक खूण समजावी. पुढे काळ्या मातीला भेगा पडतात आणि खालच्या थरांतली ओलही उडू लागते.

घाटावर आणि घाटाखाली हा हिशोब वेगळा आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, तर पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर-नांदुरा अडीचशे-तीनशे मीटरवर. या उंचीमुळेच घाटाखाली दोन-अडीच अंश अधिक तापते. त्यात खारपाणपट्टा! तिथे विहिरीला पाणी असले तरी ते खारे. हरभऱ्याला द्यावे तर जमीन बिघडते. तिथला रब्बी बव्हंशी मातीत उरलेल्या ओलीवरच उभा असतो. त्या शेतकऱ्याला ऑक्टोबरचा एक चांगला पाऊस म्हणजे विहीरच.

पण तोच पाऊस शेजारच्या शेतात सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर पडला तर शेंगांना कोंब फुटतात. म्हणून ऑक्टोबरचा पाऊस ‘चांगला’ की ‘वाईट’ हे मिलिमीटरवरून ठरत नाही. तारीख आणि पीकही पाहावे लागते. २०२३च्या नोव्हेंबरअखेर जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. कोरड्या शरदानंतरचे ते पाणी महिन्याच्या बेरजेत दिसले. पण ते आले तेव्हा घाटावरच्या बीजोत्पादनाची शेडनेट आडवी झाली होती.

दहा नोव्हेंबरला राज्याने आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली. तालुक्यावरून मंडळावर येणे ही चांगलीच सुधारणा. मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, ऑक्टोबरचा पाऊस आणि तापमान तीही नोंदवतात. ती नोंद मदतीच्या हिशोबात धरली जावी, एवढीच माझी मागणी आहे. तोवर ज्याला जमेल त्याने पर्जन्यमापक आणि वही ठेवावी, सकाळी साडेआठला पाऊस मोजावा आणि सप्टेंबर संपला म्हणून वही मिटू नये. हरभऱ्याचे वर्ष तिथूनच सुरू होते.