संगणकावरील सातबारा वाचण्याची सवय

शेतकऱ्याच्या जीवनात सातबाऱ्याइतका महत्त्वाचा दुसरा दस्तऐवज क्वचितच असेल. जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर कोणता बोजा आहे, हे गाव नमुना ७ वरून कळते. गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही होय. पूर्वी हा उतारा हाताने लिहिला जाई व तलाठ्याची सही हाच त्याचा पुरावा असे. हिमायतनगर भागात तर निजामी राजवटीतील उर्दू कागद वाचून घेण्यासाठी जाणकार माणूस शोधावा लागे.

१ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि कागदाचे स्थान बदलले. मूळ नोंद आता संगणकात असते. घरातील कागद ही केवळ त्या दिवसाची प्रत होय. पेटीत जपलेला जुना उतारा आजची स्थिती सांगत नाही. म्हणून कागद जपण्याइतकेच नोंद वेळोवेळी वाचणे अगत्याचे आहे.

‘महाभूलेख’ संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. कामकाजासाठी १५ रुपये शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. त्यावरील पडताळणी क्रमांकावरून तो खरा आहे किंवा नाही, हे कोणासही तपासता येते.

उतारा वाचताना पुढील बाबी पाहाव्यात :

(१) खातेदाराचे नाव, क्षेत्र व पोटखराबा बरोबर आहे काय?

(२) फेडलेल्या कर्जाचा बोजा ‘इतर अधिकार’ या रकान्यातून कमी झाला आहे काय?

(३) उभे पीक व नोंदलेले पीक एकच आहे काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून छायाचित्रासह ही नोंद करतो. कापसाच्या जागी सोयाबीन नोंदले गेल्यास हमीभावाने विक्री, पीक विमा व नुकसानभरपाई यांत अडचण येते. स्वतः केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करता येते.

फेरफाराची नोटीस आल्यास ती बाजूला ठेवू नये. हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी द्यावी. लेखनप्रमाद असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करावा.

ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उतारा मोठ्याने वाचून दाखवावा व त्याचा अर्थ समजावून सांगावा. चुकीची नोंद वेळीच लक्षात आली, तर ती साध्या अर्जाने सुटते. विलंब झाल्यास तीच पुढे कोर्टकचेरीचे कारण होते.