हसरा चोर : ‘मलैक्कळ्ळन’, ‘आझाद’ आणि रायपूरचा चरणदास

साहसकथेचा नायक दोन प्रकारांनी हसवितो. एक तर तो संकटाला हसतो आणि वाचक त्याच्या धैर्यावर प्रसन्न होऊन हसतो. दुसऱ्या प्रकारात तो आपली ओळख लपवितो. ज्यांच्यापासून ती लपविली आहे ते त्याच्यासमोरच त्याच्या नावाने बोटे मोडतात, आणि गुपित ठाऊक असलेला वाचक मनातल्या मनात हसतो. विसाव्या शतकातील लोकप्रिय साहसकथेने हा दुसरा प्रकार विशेष जवळ केला. 1905 सालची ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ किंवा 1919 साली जॉन्स्टन मॅक्युलीने लिहिलेली झोरोची पहिली कथा घेतली, तर दोहोंत शूर पुरुष एका नाजूक, निरुपद्रवी गृहस्थाच्या वेषात वावरतो. 1920 साली डग्लस फेअरबँक्सने झोरो पडद्यावर आणला आणि तलवारबाजी व विनोद यांची सांगड चित्रपटाच्या चांगलीच अंगवळणी पडली.

भारतीय भाषांत या कुळीची जी कथा सर्वाधिक भाषांतून फिरली, ती तमिळ आहे. ‘मलै’ म्हणजे डोंगर आणि ‘कळ्ळन’ म्हणजे चोर. ‘मलैक्कळ्ळन’ म्हणजे डोंगरातला चोर. कादंबरीकार होते नामक्कलचे व्ही. रामलिंगम पिळ्ळै (1888–1972). ते मुख्यतः कवी, आणि तेही गांधीयुगाचे कवी. 1930 साली राजगोपालाचारींच्या नेतृत्वाखाली वेदारण्यमकडे मिठाचा सत्याग्रह करण्यास निघालेल्या पदयात्रींच्या ओठी जे गीत होते, ते पिळ्ळै यांचे. शस्त्र हाती न धरता लढावयाच्या लढ्याचे ते गीत होते. त्याच लेखणीतून डोंगरात दडून बसणाऱ्या, श्रीमंतांच्या छातीत धडकी भरविणाऱ्या दरोडेखोराची कथा यावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण हा दरोडेखोर अन्यायाने मिळविलेले धन तेवढे काढून घेतो आणि दुबळ्यांची पाठ राखतो. सत्याग्रहीने उघडपणे करावयाचे काम तो मुखवटा घालून करतो, एवढेच.

कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओच्या एस. एम. श्रीरामुलू नायडू यांनी 1954 साली या कादंबरीवर तमिळ चित्रपट केला. नायक एम. जी. रामचंद्रन, नायिका पी. भानुमती आणि संवाद मु. करुणानिधी यांचे. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पारितोषिकांत तमिळसाठीचे रौप्यपदक ‘मलैक्कळ्ळन’ला मिळाले. (मराठीसाठीचे पदक त्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ला मिळाले होते, एकाच मांडवाखाली किती भिन्न चित्रपट शेजारी येतात!) पुढे ही कथा तेलुगु, हिंदी, मल्याळम, कन्नड आणि सिंहली अशा भाषांत पडद्यावर गेली. तमिळ चित्रपटात विनोद आहे, पोलिसांची फजिती आहे. तथापि त्याचा कणा गंभीर आहे. लोकांना आणखी किती काळ फसविणार, असा सवाल करणारे त्यातील गीत टी. एम. सौंदरराजन यांच्या आवाजात गाजले, आणि पडद्यावरचा हा दीनांचा कैवारी पुढे 1977 साली खरोखरच राज्याचा मुख्यमंत्री झाला. तमिळ प्रेक्षकाने त्या मुखवट्यामागे एक सार्वजनिक पुरुष पाहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदीत येताना या कणाच बदलला. ‘आझाद’ (1955) नायडूंनीच दिग्दर्शित केला. कथानक जवळजवळ तेच : मुलीचे अपहरण, डोंगरातल्या चोराने केलेली तिची सुटका, आणि अखेरीस तो चोर म्हणजेच बालपणी हरवलेला आप्त असल्याचा उलगडा. पण नायक होता दिलीपकुमार. शोकांत भूमिकांत हा नट इतका गुरफटला होता, की मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने हलकीफुलकी भूमिका पत्करली, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले. नायिका मीनाकुमारीचे नावही पुढे अश्रूंशीच जोडले गेले. दोन शोकांत नटांनी एकत्र येऊन हसण्याचा बेत करावा, तसा हा चित्रपट आहे. आझादचा मुखवटा आहे दाढीधारी खानसाहेबाचा. दिलीपकुमार ही दाढी लावतो ती इतरांना फसविण्यासाठी जितकी, तितकीच आपल्या दुःखी प्रतिमेला चुकविण्यासाठी. आणि आपण चुकविले याचा आनंद त्याला लपविता येत नाही. या भूमिकेसाठी त्याला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी तेच पारितोषिक त्याला ‘देवदास’साठी मिळाले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

मराठी वाचकास ‘आझाद’ जवळचा वाटतो तो सी. रामचंद्र यांच्यामुळे. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे हे राम चितळकर. निर्मात्यास गाणी महिन्याभरात हवी होती. नौशाद यांनी नकार दिला आणि चितळकरांनी ते आव्हान स्वीकारले, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते. घाई तर झालीच असणार. पण ती ऐकू येत नाही. लता आणि उषा या भगिनींनी गायिलेल्या ‘अपलम चपलम’ला अर्थाचा आधार जवळजवळ नाही, ठेका आणि अनुप्रास यांवरच ते उभे आहे. युगुलगीतात तलत महमूद यांच्या जागी चितळकर स्वतः गायले, आणि गायले तेही तलतच्याच ढंगात. मुखवट्याच्या चित्रपटात संगीतकारानेही मुखवटा घालावा, याहून समर्पक योग तो कोणता!

एवढे मान्य करूनही ‘आझाद’बद्दल एक शंका उरते. येथे हास्य निर्वेध आहे, कारण त्यात कोणाचेच काही जात नाही. चोर चोर नव्हताच, तो घरचाच मुलगा होता; खानसाहेबही खोटे. ओमप्रकाशचा हवालदार चुकतो, पण त्याच्या चुकीने कोणाच्या जिवावर बेतत नाही. तमिळ चित्रपटात जो सवाल लोकांच्या वतीने विचारला जातो, तो हिंदीत कोणी विचारीतच नाही. रूपांतरकाराने कथा जशीच्या तशी नेली आणि तिचे कारण मात्र मागे ठेवले.

या शंकेचे वजन रायपुरात अधिक जाणवते, कारण धान्य लुटून वाटणारा माणूस या शहराने कादंबरीत वाचलेला नाही. 1854 साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन छत्तीसगड इंग्रजांकडे गेले. दोनच वर्षांनी, 1856 च्या दुष्काळात, सोनाखानचे जमीनदार नारायण सिंह यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून ते उपाशी लोकांना दिले. त्यांना अटक होऊन रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. 1857 मध्ये ते तेथून निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरातच त्यांना मृत्युदंड देण्यात आला. या चरित्रात हास्याला जागा नाही.

तरीही याच रायपुरात 1923 साली जन्मलेल्या हबीब तनवीर यांनी धान्य लुटणाऱ्या चोरावर हसतेखेळते नाटक केले. विजयदान देथा यांनी सांगितलेली राजस्थानी कथा त्यांनी छत्तीसगडी बोलीत आणि नाचाच्या कलावंतांच्या हाती दिली. ‘चरणदास चोर’मधला चोर थट्टेत गुरूला चार वचने देतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. असले योग चोराच्या नशिबी कोठून यावयाचे! गुरू पाचवे वचन मागून घेतो : खोटे बोलावयाचे नाही. मालगुजाराचे तांदूळ पळवून वाटून टाकण्याचा प्रसंग लोकनृत्याच्या धामधुमीत घडतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. मग एकेक अशक्य योग खराच समोर येऊन ठाकतो. 1975 साली श्याम बेनेगल यांनी बाल चित्रपट संस्थेसाठी यावर चित्रपट केला. लालूराम चरणदास झाले, आणि राजकन्येच्या भूमिकेत पुण्याच्या स्मिता पाटील पडद्यावर आल्या.

दोन्ही चोर हसवितात, पण त्यांची जात वेगळी. आझादजवळ दाढी आहे, दुसरे नाव आहे, परतावयास घर आहे. चरणदासजवळ मुखवटाच नाही. तो चोरी करतो आणि विचारले की ‘केली’ म्हणून सांगतो. त्याचा सारा विनोद या खरे बोलण्यातून उगवतो, आणि त्याचा मृत्यूही त्यातूनच. तनवीरांच्या नाटकात राणीची शेवटची मागणी अगदी लहान आहे : मी लग्नाची गोष्ट काढली आणि तू नाकारलेस, हे बाहेर कोणाला सांगू नकोस. खानसाहेबाच्या वेषातल्या आझादने मान डोलावून ती तत्काळ मान्य केली असती. चरणदास म्हणतो, कोणी विचारले तर सांगावे लागेल.