बाहुल्यांचा खेळ मुलांना दाखवावा का?

मलकापुरातील माझ्या दवाखान्यात पालक हा प्रश्न विचारतात, तेव्हा मी प्रथम मुलाचे वय विचारतो. तिसरे वर्ष उलटले असेल, तर अवश्य दाखवावा. त्याआधी खरे व खोटेखोटे यांतील सीमारेषा फारच धूसर असते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दोऱ्याने लाकूड जिवंत होताना पाहिलेले मूल घरी चिंधीलाही बोलते करते. मोबाइलवरील चित्रांतून हे क्वचितच साधते! मात्र ध्वनिक्षेपकाजवळ बसू नका. कोवळ्या कानांना तो सोसत नाही. ‘तात्या विंचू’ तर चिमुकल्यांना नकोच. मूल घाबरून रडू लागले, तर तिकिटाच्या पैशांसाठी त्याला बसवून ठेवू नका. कडेवर घेऊन बाहेर या.