परक्या गुरूची विद्या

गेल्या दिवाळींत आम्ही नातवंडांसह कंधारचा किल्ला पाहावयास गेलों होतों. वाटेंत उदगीरच्या लढाईची हकीकत त्यांस सांगितली. खंदकाच्या कांठीं विसांवलों असतां धाकट्या नातवानें विचारिलें, "आजोबा, फिरंग्यांनीं आपल्या लोकांना लढावयास कां शिकविलें? आणि शिकूनही आपण कां हरलों?"

प्रश्न मार्मिक खरा. १७५१ पासून निजामाच्या दरबारीं बुसी हा फ्रेंच सरदार होता. त्याच्या हाताखालीं इब्राहिमखान गारदी कवाइती युद्धविद्या शिकला. पलटणीनें ओळ धरून उभें राहावें, हुकुमासरशी एकदम बार काढावा, तोफांनीं पायदळास साथ द्यावी, अशी ती विद्या. पुढें तो पेशव्यांकडे आला. १७६० सालीं उदगीरच्या मोहिमेंत त्याच्या तोफांनीं निजामाची फौज जेरीस आणिली. दुसऱ्या वर्षीं पानिपतावर तो अखेरपर्यंत लढला, जखमी होऊन अबदालीच्या हातीं सांपडला व मारला गेला. विद्या परक्याची खरी. पण ती त्यानें आपलीशी केली होती.

महादजी शिंद्यांनीं १७८४ पासून डी बॉयनकडून पलटणी तयार करविल्या. १७९० त पाटण व मेडता येथें त्यांनीं जय मिळविला. मात्र या कंपूंचे वरचे अधिकारी युरोपियनच राहिले. १८०३ त इंग्रजांनीं शिंद्यांच्या नोकरींतील आपल्या देशबांधवांस फोडण्याकरितां जाहीरनामा काढिला. पाठोपाठ मुख्य सेनापति पेरॉन स्वतः इंग्रजांच्या आश्रयास गेला. तरीही नोव्हेंबरांत लासवारीस शिंद्यांचे शिपाई असे झुंजले कीं, शत्रूचा सेनापति लेक यानेंही त्यांची वाखाणणी केली. शौर्य आपलें होतें; त्यास वाट दाखविणारें मस्तक उसनें होतें, तें ऐन वेळीं निघून गेलें.

हैदराबादेसही तेंच घडलें. रेमंड या फ्रेंचाच्या पलटणी १७९५ त खर्ड्यास निजामाकडून लढल्या. तो १७९८ त वारला, आणि त्याच वर्षीं निजामाशीं तह करून इंग्रजांनीं त्या पलटणी लढाईवांचून मोडून टाकिल्या.

आमचा जन्म मुलें शिकविण्यांत गेला. शिष्याकडून आपला पराजय व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपले पूर्वज मानीत. परका पगारी गुरु ती क्वचितच धरतो; मग ती शिष्यानेंच धरावी लागते. आज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत मित्रराष्ट्रांचे तरुणही शिकावयास येतात. आतां गुरूच्या आसनावर आपण आहों. हा धडा आपणही विसरूं नये.

नातवास आम्हीं इतकेंच सांगितलें, "बाळ, विद्या कोणाकडूनही घ्यावी, पण गुरु उठून गेला तरी ती आपल्यापाशीं राहिली पाहिजे."