महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांचा आवाज किती?

पुणे - उखडलेला पदपथ, अंधारातला रस्ता, थांब्यावर नसलेली शेड. अशा कामांसाठी नगरसेवकाचे दार ठोठावणे हा शहरवासीयांचा जुना परिपाठ. या कामांना थेट अंदाजपत्रकातच स्थान मिळावे, या हेतूने पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांच्या सूचना मागविण्यास प्रारंभ केला. देशात ही पद्धत प्रथम अवलंबणाऱ्या शहरांत पुण्याची गणना होते.

अर्जाचा प्रवास
नागरिकाने आपल्या प्रभागातील काम सुचवून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. अभियंते त्या कामाची व्यवहार्यता पाहतात आणि खर्चाचा अंदाज काढतात. त्यानंतर ही यादी प्रभाग समितीपुढे जाते व मान्य झालेली कामे आयुक्तांच्या अंदाजपत्रकात समाविष्ट होतात. स्थायी समिती आणि मुख्य सभेची मंजुरी मिळाल्यावर एप्रिलपासून त्यांच्यासाठी निधी उपलब्ध होतो. सूचना लहान, स्थानिक आणि महापालिकेच्या अखत्यारीतील असावी लागते. खासगी सोसायटीच्या आवारातील काम त्यात बसत नाही. 'रस्ते सुधारा' अशा मोघम मागणीपेक्षा नेमके ठिकाण आणि नेमकी गरज सांगणारी सूचना अभियंत्यांना तपासणे सोपे जाते.

अर्ज आणि सभा
या कल्पनेचे मूळ ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात आहे. १९८९ मध्ये तेथे सुरू झालेल्या प्रयोगात वस्त्यांमधील रहिवासी सभांमध्ये एकत्र येत आणि कोणते काम आधी, कोणते नंतर, हे चर्चेने ठरवीत. अर्जाच्या पद्धतीत नेमकी हीच पायरी राहून जाते. दहा जण दहा कामे सुचवितात. परंतु त्यांतील निकडीचे कोणते, यावर त्यांचे आपसांत बोलणे होत नाही. निवड अखेर कार्यालयातच होते. ज्यांना अर्जाची मुदत ठाऊक असते, त्यांचीच मागणी तेथवर पोचते. रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या वस्तीची गरज मोठी असूनही कागदावर येत नाही.

कायदा काय सांगतो?
७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. ही दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. राज्यातील कायद्यानुसार या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही नामनियुक्त करता येतात. पुढे २००९ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद केली. तिच्यामुळे पोर्तो अलेग्रेसारख्या चर्चेला कायद्याचा आधार मिळाला. ग्रामीण भागात ग्रामसभा रुजली. शहरांतील क्षेत्रसभा मात्र बहुतांशी कागदावरच राहिली.

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात प्रभाग समित्यांत लोकनियुक्त सदस्यच नव्हते. ते परत आल्यावर अर्ज स्वीकारण्याची व्यवस्था पूर्वीप्रमाणे चालविणे कठीण नाही. कोणती सूचना मान्य झाली, कोणती नाकारली आणि का, हे अर्जदारासमोर क्षेत्रसभेत सांगणे अधिक अवघड आहे. सहभागाची खरी कसोटी तेथेच लागते.